सॉफ्टनर बसला, गीझर सुधारला, मोगरा मात्र पिवळा

वाघोलीहून एका ताईंचं चांगलं चार पानी पत्र आलंय, खाली सही ‘पिवळ्या मोगऱ्याची मालकीण’. सगळं छापणं शक्य नाही, म्हणून थोडक्यात सांगते. ताई दोन वर्षांपूर्वीपर्यंत सदाशिव पेठेत राहायच्या, तिथे कॉर्पोरेशनचं नळाचं पाणी, आणि सासूबाईंच्या वेळेपासूनचा मोगरा, अनंत, जास्वंद, कढीपत्ता, सगळं विशेष काही न करता मजेत होतं. मग वाघोलीला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, कुंड्या सोबत नेल्या, बाल्कनी पूर्वेची, ऊन मस्त. पाणी मात्र सोसायटीचं बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. पहिल्या वर्षी कुंड्यांवर पांढरा थर यायला लागला, पानं फिकट पडली. मागच्या दिवाळीत सोसायटीने सॉफ्टनर प्लांट बसवला, गीझरचा खार गेला, नळाच्या तोट्या चमकायला लागल्या, तर ताईंना वाटलं आता झाडंही सुधारणार. झालं उलटंच. नवी पानं पिवळीधमक आणि शिरा तेवढ्या हिरव्या, पाणी घातलं की मातीवर तळं साचून राहतं, आणि अनंत तर जवळजवळ गेलाच. ताईंनी पीएचच्या पट्ट्या आणल्या, पाण्याचा पीएच (आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट) ८ आला. मग सिरका. त्या लिहितात, “बादलीत चमचाभर सिरका घातला तर आठचा आठच राहतो, आणि वैतागून अर्धा कप ओतला तर एकदम पाच. मधलं काही जमतच नाही. मी नक्की किती घालू?” जोडीला आरओचं वाया जाणारं पाणीही कुंड्यांना घालतात (पाणी फुकट घालवायचं नाही म्हणून), अंड्याची टरफलं कुटून घालतात, आणि महिन्यातून एकदा एप्सम सॉल्ट. सोबत सोसायटीच्या लॅब रिपोर्टचा फोटो पाठवलाय, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार ताई, असे रिपोर्ट पाठवणारे वाचक मला फार आवडतात.

तर ताई, आधी तुमच्या सिरक्याचंच बघू, कारण सगळी गोष्ट त्या चमच्यात आहे.

खायचा सोडा घातलेल्या पाण्यात लिंबू पिळून बघा. पहिले काही थेंब पडतात, फस्स होतं, आणि पाण्याला आंबट चव काही येत नाही. सोडा आहे तोवर तो लिंबू खात राहतो, सोडा संपला की मग पुढच्या दोन थेंबांत पाणी आंबटढाण. तुमच्या बादलीत हेच चाललंय. पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट ऍसिड गिळत बसतं, आणि ते जेवढं आहे त्याला म्हणायचं अल्कलिनिटी. पीएच, म्हणजे शेतीच्या पुस्तकांत ज्याला सामू म्हणतात तो, ही वेगळी गोष्ट. मी क्लासमध्ये सांगते, पीएच म्हणजे पाण्याचा आत्ताचा मूड आणि अल्कलिनिटी म्हणजे त्याचा हट्ट. मूड कोणाचाही बदलतो हो, हट्ट किती आहे ते आधी विचारायचं. पीएच ८ पण अल्कलिनिटी ४० असलेलं पाणी झाडाला काही करत नाही, चमचाभर कशानेही ते वळतं. आणि पीएच ७.४ दिसणारं पण अल्कलिनिटी ३०० असलेलं पाणी सहा महिन्यांत कुंडीची माती पार बिघडवून ठेवतं, आणि पट्टीवर तर सगळं छान हिरवं दिसत असतं.

तुमच्या रिपोर्टवर अल्कलिनिटी आहे ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर. समोर लॅबने “पर्मिसिबल लिमिटच्या आत” असं लिहिलंय, आणि ते खरंही आहे, कारण पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात अल्कलिनिटीला २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा सोर्सच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. पण ते माणसांसाठी. माणूस पाणी पितो आणि बाहेर टाकतो, कुंडीतून मात्र पाणी उडून जातं आणि त्यातलं सगळं मागे राहतं. हिशोब करून बघा ना. दहा इंची कुंडीला रोज लिटरभर पाणी, लिटरमागे ३०० मिलिग्रॅम (लॅब हा आकडा चुनखडीच्या मापात देते), म्हणजे महिन्याला नऊ ग्रॅम, वर्षाला शंभरच्या वर ग्रॅम चुनखडीइतका ऐवज तुम्ही त्या पाच-सात किलो मातीत ओतताय. थोडं खालून वाहून जात असेल, मान्य, पण कोणी तुम्हाला सांगितलं की कुंडीत वर्षाला वाटीभर चुना घाला, तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल की नाही? कुंडीतल्या झाडांसाठी साधारण शंभरच्या आतबाहेर अल्कलिनिटी असली की निवांत राहायचं, दीडशेच्या पुढे गेली की हात-पाय हलवायला लागायचे, आणि कुंडी जितकी छोटी तितक्या लवकर.

सदाशिव पेठेत हे का नव्हतं, तर ते पाणी धरणाचं. पावसाचं पाणी खडकवासल्यात साठलं, तिथून पर्वतीला शुद्ध होऊन नळाला आलं, त्याला खडकात मुरायला वेळच मिळाला नाही. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं काळ्या खडकाच्या भेगांमधून मुरत येतं, मातीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, ते किंचित आंबट पाणी दगड हळूहळू खात जातं, आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट असं सगळं गाठोडं बांधून वर येतं. म्हणजे झाडं तीच, हात तोच, माती पण तीच नेलीत, बदललं फक्त पाणी. सासूबाईंचा हातगुण वगैरे म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

आता सॉफ्टनर. इथे बहुतेक लोक फसतात, आणि सॉफ्टनर विकणारे काही मुद्दाम खोटं बोलत नाहीत, त्यांना झाडांचं कोणी विचारतच नाही. तुमच्या रिपोर्टवर दोन कॉलम आहेत, सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर. हार्डनेस, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, आधी ३४०, नंतर ३०. वा वा. पण त्याच्या खालची ओळ वाचलीत का? अल्कलिनिटी आधी ३००, नंतरही ३००! जराही हललेली नाही. कारण सॉफ्टनर बायकार्बोनेटला हातच लावत नाही, तो फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. त्या मिठाच्या गोण्या सोसायटीत येतात ना, त्या त्याच्यासाठीच. म्हणजे आधी तुमच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट होतं, आता झालं सोडियम बायकार्बोनेट. सोडियम बायकार्बोनेट म्हणजे काय, तर ढोकळ्यात घालतो तो खायचा सोडा. तुमच्या आकड्यांवरून मी हिशोब केला तर दहा लिटरच्या बादलीत साडेचार ग्रॅमच्या आसपास भरतो, चहाचा एक सपाट चमचा. रोज सकाळी बादलीत चमचाभर खायचा सोडा ढवळून तो मोगऱ्याला घालायचा, असं मागच्या दिवाळीपासून तुमचं चाललंय, फक्त चमचा दिसत नाही इतकंच.

शेतीत याला एक माप आहे, आरएससी, रेसिड्युअल सोडियम कार्बोनेट. कार्बोनेट-बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा करायचं, मिलिइक्विव्हॅलंट या रसायनशास्त्रातल्या एककात, लिटरमागे. सव्वाच्या खाली आलं तर पाणी सुरक्षित, अडीचच्या वर गेलं तर शेतीला नको. तुमचं सॉफ्टनरनंतरचं पाणी ५.४ येतं. शेतकऱ्याने असं पाणी काळ्या रानाला दिलं तर रान चोपण होतं, वाळलं की दगड आणि भिजलं की चिखल. तुमच्या कुंडीवर तळं साचतंय ते यामुळेच, सोडियमने मातीचे कण सुटे होऊन भोकं बुजवलीत. याचा अर्थ असा की सॉफ्टनरच्या आधीचं तुमचं खारट, गीझर खराब करणारं, पांढरे डाग पाडणारं पाणी झाडांसाठी आत्ताच्यापेक्षा बरं होतं! त्यात निदान कॅल्शियम तरी होतं.

मग पहिलं काम असं, सोसायटीच्या प्लंबरला किंवा वॉचमनला विचारा की मिठाची गोणी कुठे ओततात, आणि त्या टाकीच्या अलीकडे, म्हणजे पाणी सॉफ्टनरमध्ये शिरायच्या आधी, एखादा नळ आहे का. बहुतेक ठिकाणी असतो, गार्डनसाठी किंवा गाड्या धुवायला बायपास ठेवलेला असतो. तिथून कॅन भरून आणायचे. चौदा कुंड्यांना रोज आणणं जड आहे मला माहितीये, पण सगळ्या कुंड्यांचे नखरे सारखे नसतात. बोगनवेल, अडेनियम, कोरफड, कण्हेर यांना एवढ्याने काही होत नाही. खरे नखरेल म्हणजे अनंत, त्याच्या खालोखाल मोगरा, जास्वंद, गुलाब, लिंबू, कढीपत्ता, आणि एक्झोरा असेल तर तोही. (पिटुनिया लावणाऱ्यांनी पण इकडे लक्ष द्यावं, ती लोखंडाच्या बाबतीत भारी हळवी.) चांगलं पाणी, म्हणजे पुढे सांगते तसं सुधारलेलं, या पाच-सहांना द्या, बाकीच्यांना साधं बायपासचं.

आरओचं वाया जाणारं पाणी मात्र आजपासून बंद. मला कळतं, बादली भरभरून गटारात जाताना जीव तुटतो, पण आरओ एक लिटर प्यायचं काढताना मागे दोन-अडीच लिटर सोडतो आणि त्या मागच्या पाण्यात सगळ्याचे क्षार एकवटलेले. तुमचं ३०० असेल तर ते ४०० च्या वर गेलेलं असणार, आणि वर सोडियम. फरशी पुसा, संडासात ओता, गाडी धुवा.

अंड्याची टरफलंही थांबवा. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणजे जो आजार आहे तोच औषध म्हणून पाजल्यासारखं. चुलीची किंवा धुनीची राख, चुन्याची निवळी, हाडांची पावडर, याही सध्या लांब ठेवा. एप्सम सॉल्ट वाईट नाही, पण तुमचा प्रॉब्लेम मॅग्नेशियमचा वाटत नाही. मॅग्नेशियम कमी पडलं की आधी जुनी, खालची पानं शिरांमधून पिवळी पडतात. तुमची वरची, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हा लोखंड न मिळण्याचा प्रकार. साखरपट्ट्यातल्या लोकांना हे रूप ओळखीचं आहे, चुनखडीच्या रानात उसाची पानं अशीच पांढुरकी-पिवळी पडतात आणि शेतकरी म्हणतात उसाला केवडा पडला. मातीत लोखंड भरपूर असतं हो, आपली लाल माती लाल आहे ती लोखंडामुळेच, पण पीएच एका अंकाने वर गेला की विरघळणारं लोखंड हजार पटीने कमी होतं. भरल्या ताटासमोर हात बांधून बसवल्यासारखं होतं झाडाचं. फक्त एक बघा, कुंडीचं भोक बुजून मुळं सतत ओली राहिली तरी पानं हुबेहूब अशीच होतात. तुमच्याकडे तळं साचतंय म्हणजे दोन्ही कारणं एकत्र असू शकतात, त्यामुळे आधी काडी घालून खालची भोकं मोकळी आहेत का ते बघा.

आता सिरक्याचा प्रश्न, किती घालू. सॉफ्टनरच्या पाण्यात अजिबात नको, कारण ऍसिडने बायकार्बोनेट जाईल पण सोडियम तिथेच राहणार. बायपासचं पाणी आणलंत की त्यात घालायचं, आणि सिरक्यापेक्षा लिंबूसत्व वापरा, किराणावाल्याकडे सायट्रिक ऍसिड म्हणून मिळतं, सरबताला घालतो तेच. ३०० ची अल्कलिनिटी साधारण ७५-८० वर आणायला दहा लिटरला चार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, पुरतं. लिंबूच पिळायचं तर दोन-तीन रसरशीत लिंबं लागतील एका बादलीला, आणि एप्रिल-मेमध्ये लिंबाचा भाव बघून तुम्हीच ठरवा. शून्यावर आणायचं नाही, थोडा हट्ट शिल्लक राहू द्यायचा, नाहीतर मग खताच्या एका चमच्याने पीएच खाली आपटतो. घातल्या घातल्या पट्टी ६ च्या आसपास दाखवेल. रात्रभर ठेवलंत तर सकाळी ७ च्या वर गेलेली दिसेल, तेव्हा घाबरून अजून चमचा घालू नका, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की मूड चढतो, हट्ट काही वाढत नाही. तुमच्या पट्टीवर ८ दिसत होता त्यामागेही हेच आहे, लॅबमध्ये ७.५ आलेलं पाणी तुम्ही क्लोरीन उडावं म्हणून रात्रभर उघडं ठेवता, सकाळपर्यंत ते ८ होतं.

लिंबूसत्वाची एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हे, सिरका, ताक, ही सगळी सेंद्रिय ऍसिडं, आणि कुंडीतले जिवाणू ती खातात. खाल्ली की त्यातलं बरंचसं परत बायकार्बोनेट होतं. म्हणजे आज तुम्ही जे काढलंत त्यातलं काही पुढच्या आठवड्यात जिवाणू परत आणून ठेवतात. उपयोग अजिबात नाही असं नाही, पाणी घालताना मुळांशी तात्पुरतं आंबट वातावरण मिळतं, लोखंड थोडं सुटतं, पण तेवढ्यावर वर्ष काढता येत नाही. पॉलीहाऊसवाले म्हणूनच नायट्रिक किंवा फॉस्फरिक ऍसिड वापरतात, ऍसिडची टाकीच वेगळी असते त्यांची, डोसिंग पंप, हातमोजे, गॉगल सगळं असतं. तुम्ही बाल्कनीत हे करू नका, आणि कोणी बॅटरीचं ऍसिड घाला म्हणालं तर त्याला तुमच्या घरी चहालाही बोलवू नका. तुरटीही नको, पाणी आंबट करते खरी पण तिच्यातलं ॲल्युमिनियम साचत जातं. चहाच्या उकळून पिळलेल्या चोथ्यात तर आंबटपणा असा उरतच नाही, ते खत म्हणून थोडंफार ठीक.

मग टिकाऊ काय, तर दोन गोष्टी, मऊ पाणी मिसळणं आणि खत बदलणं.

मऊ पाणी म्हणजे ज्यात मुळात काही नाहीच, पावसाचं, एसीच्या नळीतून ठिबकणारं, किंवा आरओचं चांगलं, प्यायचं पाणी. तीन भाग असं पाणी आणि एक भाग बायपासचं केलंत की ३०० चं थेट ७५ होतं, ऍसिडची गरजच नाही. पावसाळ्यात तुमची झाडं आपोआप हिरवी होतात का? पत्रात लिहिलं नाहीत, पण मी पैज लावते, होत असणार. लोक म्हणतात पावसाच्या पाण्यात जादू असते, विजेने नायट्रोजन येतो, थोडा येतोही, पण कुंडीच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की त्या पाण्यात अल्कलिनिटी जवळजवळ नाही आणि धो धो पडून ते आत साचलेलं धुऊन नेतं. आषाढ-श्रावणात कुंड्या कठड्यालगत, थेट पावसात येतील अशा सरकवा. गच्चीवरून पाणी साठवायची परवानगी मिळाली तर हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दहा चौरस मीटरच्या पत्र्यावर २० मिलिमीटरची एक सर आली की दोनशे लिटरचा ड्रम भरला. झाकण आणि जाळी मात्र घट्ट, डेंग्यूचे डास तुमच्या मोगऱ्यापेक्षा आधी वाढतील.

खत म्हणजे अमोनियम सल्फेट. युरिया नको, कॅल्शियम नायट्रेट तर नकोच, ते पीएच वर नेतं. अमोनियम सल्फेटमधल्या अमोनियमचं मातीतले जिवाणू नायट्रेट करतात आणि तसं करताना ऍसिड सोडतात, जिथे हवं तिथेच, मुळांशी. एक ग्रॅम अमोनियम सल्फेट सव्वा नाही पण एक ग्रॅमच्या वर, १.१ ग्रॅम चुनखडी मारतं. आता बघा गंमत, मिसळलेल्या ८० च्या पाण्याने रोज लिटरभर घातलं तर महिन्याला २.४ ग्रॅम चुनखडी येते, आणि पंधरा दिवसांतून एकदा लिटरला एक ग्रॅमप्रमाणे लिटरभर खताचं पाणी दिलंत तर महिन्याला २.२ ग्रॅम मारली जाते. जवळजवळ फिट्टंफाट. म्हणून मी ८० म्हणते, त्यामागे हा हिशोब आहे. माती ओली असतानाच द्यायचं, कोरड्या मातीत खताचं पाणी गेलं की मुळं भाजतात, आणि आजारी अनंताला सध्या अर्ध्या ताकदीचंच.

आधी मात्र आत साचलेला सोडियम धुवायला हवा. बारा इंची कुंडीला एक मोठा चमचा जिप्सम, नर्सरीत नाहीतर कृषी सेवा केंद्रात मिळतं, चुना नाही हं, जिप्समच, दिसायला दोन्ही पांढरी पावडर. वरच्या मातीत हलक्या हाताने मिसळायचं, एक-दोन दिवस नेहमीचं पाणी द्यायचं, मग कुंडी बाथरूममध्ये नेऊन कुंडीच्या दुप्पट पाणी हळूहळू सोडायचं, खालून वाहून जाऊ द्यायचं. बायपासचंच पाणी घ्या. सातव्या मजल्यावरून बाल्कनीत केलंत तर खालच्या काकूंचे पापड भिजतील. ज्या कुंडीतून पाणी खाली उतरतच नाही तिला हा उपाय नाही, ती सरळ उपसा, मुळांभोवतीची तिसरा हिस्सा माती झाडून टाका आणि नव्या मातीत लावा. नवी माती आणताना बिल्डिंगच्या कामाजवळची उचलू नका, तिच्यात सिमेंट-प्लॅस्टरचा चुरा असतो. नवी सिमेंटची कुंडी असेल तर आठवडाभर पाण्यात बुडवून, पाणी बदलत ठेवा, नव्या सिमेंटमधूनही चुना सुटत राहतो.

लोखंडाचं. पानांना तात्पुरता आराम म्हणून हिराकस (फेरस सल्फेट), लिटरला दोन ग्रॅम, पण क्रमाने, आधी पाण्यात चिमूटभर लिंबूसत्व, मग हिराकस. उलटं केलंत, किंवा लिंबूसत्वाशिवाय तुमच्या नळाच्या पाण्यात टाकलंत, तर थोड्या वेळात पाणी गंजासारखं तांबूस होईल, म्हणजे लोखंड तुमच्या डोळ्यांदेखत वाया गेलं. (एका काचेच्या ग्लासात मुद्दाम करून बघा, तुमचं पाणी काय करतं ते लॅब रिपोर्टपेक्षा चांगलं कळेल.) संध्याकाळी फवारायचं आणि टाइल्सवर पडू द्यायचं नाही, ते तांबडे डाग सहजासहजी जात नाहीत, माझ्या बाल्कनीत आहेत. मुळातून द्यायचं तर चिलेटेड लोखंड, म्हणजे विरघळलेलंच राहावं म्हणून दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं, पण पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. दुकानात बहुतेक वेळा १२ टक्के लोखंडाचं ईडीटीए पुढे करतात, ते पीएच साडेसहाच्या वर फारसं टिकत नाही, तुमच्या कुंडीत ते पैसे पाण्यात. ईडीडीएचए लिहिलेलं मागा, गडद लालसर पावडर असते, महाग पडते, पण दहा-बारा इंची कुंडीला अर्धा ग्रॅम पुरतं आणि चुनखडीच्या मातीतही काम करतं. जुनी पिवळी पानं परत हिरवी होतील याची वाट बघू नका, दोन-तीन आठवड्यांत येणारी नवी पानं बघा.

मापायचं कसं हेही विचारलंय तुम्ही, आणि “चांगला पीएच मीटर सुचवा” असंही. मी एकदा पेनसारखा स्वस्त मीटर घेतला होता, त्यासोबत आलेल्या त्या पावडरच्या पुड्या, ४.०० आणि ६.८६ लिहिलेल्या, मी ड्रॉवरमध्ये टाकल्या आणि विसरले. सहा महिने मीटर सव्वासहा दाखवत होता, मी खुशीत, आणि गुलाब पिवळे. शेवटी पुडी विरघळवून बघितलं तर मीटर जवळजवळ दीड अंकाने खोटं बोलत होता. तर मीटर घ्यायचा असेल तर पुड्या वापरणार असाल तरच घ्या. टीडीएस मीटर याबाबतीत काही कामाचा नाही, तो एकूण क्षार सांगतो, त्यातलं हट्टी किती ते त्याला कळत नाही. मी सांगेन की ते पैसे माशांच्या दुकानात घालवा. अक्वेरियमवाल्यांकडे केएच (म्हणजे आपली अल्कलिनिटीच) टेस्ट किट मिळतं, छोटी बाटली आणि काचेची नळी, नळीत पाणी घ्यायचं आणि थेंब मोजत टाकायचे, रंग पलटेपर्यंत. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक डिग्री, आणि एक डिग्री म्हणजे १७.९ मिलिग्रॅम. तुमच्या बोअरला सतरा थेंब लागतील. सदाशिव पेठेतल्या जुन्या शेजाऱ्यांकडून बाटलीभर नळाचं पाणी आणा आणि त्यातही टाकून बघा, किती लवकर रंग पलटतो ते बघून तुम्हाला गेल्या दोन वर्षांचा उलगडा होईल. एक लक्षात ठेवा, लिंबूसत्व घातलेल्या पाण्यावर हे किट वापरू नका, सायट्रेट मध्ये येऊन आकडा चुकवतं, तिथे पट्टीच बरी. आणि टँकर आला की दर वेळी मोजा, आजचा टँकर कुठल्या विहिरीचा आणि उद्याचा कुठल्या, कोणालाच माहीत नसतं.

कुंडीच्या आतला पीएच बघायचा तर, नेहमीसारखं पाणी घाला, अर्धा-पाऊण तास थांबा, मग वरून कपभर डिस्टिल्ड वॉटर हळूच ओता आणि खाली बशीत पहिलं जे पाणी येईल त्याचा पीएच घ्या. साडेपाच ते साडेसहा आला तर झकास, सातपर्यंत चालवून घ्या, साडेसातच्या वर असेल तर वरचं सगळं करा. पांढऱ्या थरावर सिरक्याचा थेंब टाकून फसफसलं तर तो चुनखडीचा, नाही फसफसलं तर खताचे क्षार, तेवढ्यासाठी नुसतं धुणं पुरे.

अनंताबद्दल खोटी आशा दाखवत नाही. फांदी नखाने खरवडून बघा, आत हिरवं असेल तर छोट्या कुंडीत, अर्धं कोकोपीट आणि अर्धं पानांचं कुजलेलं खत, माती नाहीच, अशा मिश्रणात हलवा आणि फक्त पावसाचं नाहीतर एसीचं पाणी द्या, खत महिनाभर नको. आणि त्याआधी, जमलं तर याच आठवड्यात, पेन्सिलीएवढ्या दोन-तीन फांद्या छाटून लावून ठेवा, दमट हवेत त्या बऱ्या फुटतात. सासूबाईंच्या हातचं झाड आहे म्हणालात ना, मग फांदी सदाशिव पेठेत शेजारच्यांकडेही एक देऊन ठेवा, तिथलं पाणी अजून तेच आहे.